तगर, जटामांसी आणि त्यांचे जगभरचे सगेसोयरे

व्हॅलेरिअन कुळात सुमारे ३५० जाती मोडतात. त्यांतल्या बहुतेक बहुवर्षायू, मऊ खोडाच्या आणि डोंगराळ मुलखातल्या आहेत. सैबेरियाच्या आर्क्टिक पट्ट्यापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत हे कुळ पसरलेले आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अंटार्क्टिका येथे मात्र ते मूळचे नाही. एवढा विस्तार असूनही उष्ण कटिबंधातल्या सखल मैदानांत या वनस्पती जवळजवळ सापडत नाहीत. विषुववृत्ताजवळ त्या आहेत, पण तिथे त्यांच्यासाठी दोन-तीन हजार मीटर चढून जावे लागते. हवेत गारवा आणि मुळाशी ओल या दोन गोष्टी मिळाल्या की त्या ओढ्याकाठी, ओकच्या सावलीत, चुनखडीच्या कपारीत किंवा बर्फ वितळणाऱ्या कुरणात सारख्याच सुखाने वाढतात. भूमध्य सागराभोवतीच्या काही वर्षायू जातींनी ही अट वेगळ्या रीतीने भागवली आहे. त्या हिवाळ्यात उगवतात आणि उन्हाळा तापण्यापूर्वी बी टाकून मोकळ्या होतात.

या कुळाची ओळख पटवणे तसे अवघड नाही. पाने समोरासमोर जोडीने येतात, बहुधा बुडाशी त्यांचा एक झुपका असतो. फुले लहान, पांढरी किंवा फिकट गुलाबी, दाट गुच्छात फुलणारी. पाकळ्या खाली जुळून नळी बनते आणि पुष्कळदा नळीच्या बुडाशी मधाची छोटी पिशवी किंवा लांब शेपूट असते. फुलाखालचे अंडाशय तीन किंजदलांचे असले तरी त्यातला एकच कप्पा फलधारणा करतो आणि त्यात एकच बी असते. उरलेले दोन कप्पे वांझ राहतात. काही प्रजातींत ते नाममात्र उरतात, काहींत फुगून फळाला तरंगायला मदत करतात. निदलपुंजाचे वागणे सर्वांत लक्षवेधी. बहुसंख्य जातींत फूल उमलते तेव्हा निदलांची टोके आत गुंडाळलेली असतात, इतकी की ती नाहीतच असे वाटावे. फळ पिकू लागले की ती उलगडतात आणि प्रत्येक फळाच्या माथ्यावर पिसासारख्या दहा-पंधरा केसांचा झुबका तयार होतो. रुईच्या म्हातारीप्रमाणे हे फळ मग वाऱ्यावर निघून जाते. डोंगरामागून डोंगर ओलांडत हे कुळ इतके दूर कसे पोचले, याच्या उत्तराचा मोठा भाग या झुबक्यात आहे.

पुंकेसरांची संख्या हा दुसरा धागा. पूर्व आशियातल्या पॅट्रिनियात आणि हिमालयातल्या नार्डोस्टॅकिसमध्ये बहुधा चार पुंकेसर असतात, व्हॅलेरियानात आणि व्हॅलेरियानेलात तीन, फेडियात दोन आणि सेंट्रँथसमध्ये फक्त एक. ही उतरती भाजणी कुळाच्या उत्क्रांतीच्या दिशेशी बऱ्याच अंशी जुळते. २००५ मध्ये चार्ल्स बेल आणि मायकेल डोनोह्यू यांनी डीएनएच्या आधारे केलेल्या अभ्यासात पॅट्रिनिया आणि नार्डोस्टॅकिस या फांद्या सर्वांत आधी फुटल्याचे दिसले. या दोन्ही प्रजाती आशियातल्या, म्हणून कुळाचा उगमही आशियात, बहुधा हिमालयाच्या आसपास, झाला असावा असे मानतात. तिथून ते पश्चिमेला युरोपात आणि पुढे अमेरिका खंडांत गेले.

वर्गीकरणात या कुळाचे स्थान मात्र बदलत आले आहे. लिनीअसने १७५३ मध्ये व्हॅलेरियाना ही प्रजाती नोंदवली. स्वतंत्र कुळ म्हणून त्याची मांडणी बाट्श याने १८०२ मध्ये केली आणि दोन शतके ती टिकली. आता डीएनएवर आधारलेल्या एपीजी पद्धतीनुसार हे सगळे कुळ हनीसकलच्या मोठ्या कुळात एक उपकुळ म्हणून धरले जाते. काही वर्गीकरणकार आणखी पुढे जाऊन सेंट्रँथस, फेडिया, व्हॅलेरियानेला या प्रजातीही व्हॅलेरियानातच विलीन करतात. या लेखात जुनी, सर्वपरिचित नावेच वापरली आहेत, कारण रानातल्या ओळखीसाठी ती अधिक सोयीची आहेत.

आशियाच्या पूर्वेकडून सुरुवात केली तर पहिली भेट पॅट्रिनियाची होते. पंधरा-वीस जातींची ही प्रजाती सैबेरिया, मंगोलिया, चीन, कोरिया आणि जपान येथल्या उघड्या गवताळ उतारांवर वाढते. काही जाती अल्ताई आणि त्येनशान पर्वतांतल्या खडकाळ जागी, तर एखाददुसरी हिमालयापर्यंत येते. फुले बहुधा पिवळी, हे कुळात दुर्मीळच. फळाला केसांचा झुबका नसतो. त्याऐवजी काही जातींत फळाखालचे छद वाढून पातळ पंख होतात. पॅट्रिनिया स्कॅबिओसिफोलिया जपानमध्ये शरद ऋतूच्या सात फुलांपैकी एक गणली जाते आणि ही यादी आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहाइतकी जुनी आहे.

नार्डोस्टॅकिस म्हणजे जटामांसी. उत्तराखंडातल्या कुमाऊँ-गढवालपासून नेपाळ, सिक्कीम, भूतान आणि पुढे चीनच्या युन्नान, सिचुआन, छिंगहाय या प्रांतांपर्यंत तिचा पट्टा आहे. उंची साधारण ३,००० ते ५,००० मीटर. म्हणजे जिथे झाडांची शेवटची रांग संपते, तिथून तिचे राज्य सुरू होते. खुरट्या जुनिपर आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या आडोशाला, दगडांच्या सांदीत, उत्तराखंडात ज्यांना बुग्याल म्हणतात त्या उंचावरच्या कुरणांत ती वाढते. वर्षातले बरेच महिने हा प्रदेश बर्फाखाली असतो. वाढीला मिळतात ते उन्हाळा-पावसाळ्यातले चार-पाच महिने. जून ते ऑगस्टमध्ये गुलाबी-जांभळी फुले येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळे पिकतात आणि मग पाने वाळून जातात. जिवंत उरते ते जमिनीतले जाड, सुगंधी मूलक्षोड. दरवर्षी वाळलेल्या पानांचे देठ झडून त्यांचे तांबूस तपकिरी धागे मूलक्षोडाभोवती साचत जातात. जटांचा हा वेष म्हणजे झाडाचे थंडीपासून संरक्षण करणारे पांघरूणच आहे.

या मुळाची कीर्ती फार जुनी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरातून आणि दक्षिणेत मुझिरिस बंदरातून नार्ड, म्हणजे हेच सुगंधी मूळ, जहाजांवर चढत असल्याची नोंद आहे. गंगेच्या मुखाकडून येणाऱ्या नार्डाचा त्यात वेगळा उल्लेख आहे. व्हिएन्नात जपून ठेवलेल्या दुसऱ्या शतकातल्या मुझिरिस पपायरसवर 'हर्मापोलोन' नावाच्या जहाजातल्या मालाचा हिशेब आहे आणि त्यात गंगेकडच्या नार्डाच्या साठ पेट्या आहेत. बायबलमध्ये बेथानीची मरिया येशूच्या पायांना जे तेल लावते ते नार्डाचेच. त्याची किंमत तिथे तीनशे दिनार सांगितली आहे, आणि त्या काळी एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती. चार-साडेचार हजार मीटरवरच्या कुरणातले मूळ खांद्यावरून, खेचरांवरून, नावांतून आणि जहाजांतून रोमपर्यंत जात होते, हे ध्यानात घेतले की ही किंमत अवाजवी वाटत नाही.

हे नार्ड नेमके कोणत्या झाडाचे, हे मात्र युरोपीय वनस्पतिशास्त्राला उशिरा उमगले. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक विल्यम जोन्स यांनी प्राचीनांच्या नार्डाविषयी निबंध लिहून ते जटामांसी असल्याचे मांडले आणि १७९० मध्ये झाडाला व्हॅलेरियाना जटामांसी असे नाव दिले. जटामांसी हे त्यांचे उत्तर बरोबर होते. पण नाव देताना वर्णन झाले ते खालच्या उंचीवर वाढणाऱ्या तगराचे. खऱ्या जटामांसीला डेव्हिड डॉन याने १८२५ मध्ये पॅट्रिनियात घातले आणि १८३० मध्ये द कांडोल याने तिच्यासाठी नार्डोस्टॅकिस ही प्रजाती वेगळी काढली. नामकरणाच्या नियमानुसार जुने नाव टिकते, म्हणून आजही तगराचे शास्त्रीय नाव व्हॅलेरियाना जटामांसीच आहे. द कांडोलने तगराला दिलेले व्हॅलेरियाना वॉलिचाय हे दुसरे नाव औषधी ग्रंथांत अजून सर्रास दिसते. दोन झाडे, तीन नावे आणि त्यांतली दोन जवळजवळ सारखी. बाजारातल्या कागदपत्रांत यामुळे आजही घोटाळे होतात, आणि एका संरक्षित झाडाचा माल दुसऱ्याच्या नावाने जाऊ शकतो, म्हणून ही बाब किरकोळ मानता येत नाही.

तगराची वस्ती जटामांसीच्या खाली आहे. अफगाणिस्तानपासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, नेपाळ, भूतान, खासी टेकड्या आणि म्यानमार-चीनपर्यंत, साधारण १,५०० ते ३,००० मीटरच्या पट्ट्यात, ते सापडते. बांज म्हणजे ओकच्या रानातली पालापाचोळ्याची ओलसर माती, उत्तरेकडे तोंड असलेले सावलीचे उतार, वाटेकडेचे पाझरते बांध या त्याच्या आवडीच्या जागा. पाने हृदयाकृती, दातेरी. फुले पांढरी, किंचित गुलाबी छटेची, वसंताच्या सुरुवातीला येणारी. काही झाडांवर फक्त स्त्री-फुले तर काहींवर द्विलिंगी फुले असतात. हिंदीत त्याला सुगंधबाला किंवा मुश्कबाला, हिमाचलात निहानी, नेपाळीत सुगंधवाल म्हणतात. मराठी बाजारात त्याच्या मुळांना तगर-गंठोडा हे नाव आहे. महाराष्ट्राच्या अंगणात तगर म्हणून जे पांढऱ्या फुलांचे, चिकाचे झुडूप असते, ते कण्हेरीच्या कुळातले, पूर्णपणे वेगळे झाड होय.

हिमालयात व्हॅलेरियानाच्या इतरही जाती आहेत. व्हॅलेरियाना हार्डविकाय ही उंच, पिसासारख्या विभागलेल्या पानांची जाती सर्वांत जास्त पसरलेली. ती हिमालयापासून ईशान्य भारतातून थेट जावा बेटाच्या पर्वतांपर्यंत जाते. व्हॅलेरियाना पायरोलिफोलिया, व्हॅलेरियाना हिमालयाना या लहान चणीच्या, अधिक उंचीवरच्या. सगळ्या मिळून भारतात व्हॅलेरियानाच्या बारा ते सोळा जाती धरतात. कोणता ग्रंथ पुढे घ्यावा त्यावर आकडा बदलतो.

भारतातल्या या जातींचा नकाशा मांडला की त्यात मोठी पोकळी दिसते. उत्तरेत हिमालय आणि ईशान्येच्या टेकड्या. मग मधला सगळा देश ओलांडून एकदम निलगिरी, पळणी आणि अन्नामलै. तिथे शोला रानांच्या कडेला आणि उंच गवताळ माळांवर व्हॅलेरियाना लेशेनॉल्टाय, व्हॅलेरियाना हुकेरियाना, व्हॅलेरियाना बेडोमाय, व्हॅलेरियाना अर्नोटियाना या जाती वाढतात. लेशेनॉल्ट हा पुदुचेरीचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ, बेडोम हा मद्रास इलाख्यातला वनाधिकारी. निलगिरीच्या वनस्पती पहिल्यांदा गोळा करणाऱ्यांची नावे या झाडांवर अशी उमटली आहेत. समुद्रापलीकडे श्रीलंकेच्या मध्यवर्ती डोंगरांत व्हॅलेरियाना मूनाय आहे.

महाराष्ट्राचा सह्याद्री या पोकळीत येतो. कारण उंची आणि ऋतुमान यांत शोधावे लागते. निलगिरीतले दोड्डबेट्टा शिखर २,६३७ मीटर, अन्नामलैतले अनैमुडी २,६९५ मीटर. तिथे हिवाळ्यात दहिवर गोठते आणि ईशान्य मोसमी पावसामुळे जमीन वर्षाचा मोठा भाग ओली राहते. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. चार महिने तिथे अपार पाऊस पडतो, पण पुढचे सात-आठ महिने कातळपठारे कोरडी ठणठणीत होतात. सह्याद्रीच्या सड्यांवरच्या वनस्पती या चक्राला सरावलेल्या आहेत, त्यांची जगण्याची रीतच वेगळी. कायम गारव्यात मूलक्षोड वाढवणाऱ्या वनस्पतीला तिथे तग धरता येत नाही.

दक्षिणेच्या शिखरांवर मग या जाती पोचल्या कशा? हा प्रश्न एकट्या व्हॅलेरियानाचा नाही. निलगिरीतला ऱ्होडोडेंड्रॉन, निलगिरी ताहर हा रानबोकड, अशा हिमालयाशी नाते सांगणाऱ्या अनेक जीवांबद्दल तोच विचारला जातो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी सातपुडा हा पूर्वेकडून पश्चिम घाटाकडे येण्याचा पूल असावा असे मांडले होते. त्यांचा आधार मुख्यतः डोंगरी ओढ्यांतल्या माशांचा होता आणि आज त्या मांडणीवर बरेच आक्षेप आहेत. हिमयुगांत देशाचे मधले डोंगर आजच्यापेक्षा थंड असताना वनस्पती त्यांवरून टप्प्याटप्प्याने सरकल्या आणि हवा तापल्यावर फक्त माथ्यांवर उरल्या, ही दुसरी शक्यता. व्हॅलेरियानाच्या बाबतीत तिसरीही ध्यानात घ्यावी लागते: झुबकेदार फळ वाऱ्यावर दूर जाऊ शकते, त्यामुळे सलग पुलाची गरज पडलीच असेल असे नाही. विषुववृत्ताजवळच्या आफ्रिकेतल्या किलिमांजारोसारख्या सुट्या पर्वतांवर याच प्रजातीच्या जाती आहेत, आणि तिकडे तर सलग डोंगररांगही नाही. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ व्हॅलेरियाना कॅपेन्सिस ओढ्याकाठच्या ओल्या जागी वाढते.

युरोपात कुळाचे प्रातिनिधिक झाड म्हणजे व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस. ब्रिटनपासून मध्य आशियापर्यंत ओल्या कुरणांत, नदीकाठी, खंदकांत आणि रानांच्या कडेला माणसाच्या कमरेइतके किंवा अधिक उंच वाढणारे हे झाड उन्हाळ्यात फिकट गुलाबी गुच्छांनी भरून येते. एका नावाखाली इथे खरे तर अनेक रूपे नांदतात. गुणसूत्रांची संख्या कुठे १४, कुठे २८, तर कुठे ५६. ब्रिटनमध्ये बहुतेक झाडे ५६ गुणसूत्रांची आहेत, मध्य युरोपात कमी गुणसूत्रांची रूपेही मिळतात. ओल्या आणि कोरड्या जागांनुसार पानांची रुंदी व पर्णिकांची संख्याही बदलते. त्यामुळे कोणी याच्या अनेक जाती करतो, कोणी एकच मोठा समूह मानतो. झोपेसाठी याच्या मुळाचा काढा आणि अर्क शतकानुशतके घेतला जातो. वाळलेल्या मुळाला येणारा उग्र, घामट वास प्रामुख्याने आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. ताज्या मुळाला तो फारसा नसतो, वाळताना घटकद्रव्ये तुटून तो सुटतो. मांजरे या मुळांकडे ओढली जातात आणि त्यांवर लोळतात, त्यामागे ॲक्टिनिडीनसारखी द्रव्ये आहेत.

याच खंडातली व्हॅलेरियाना डायोइका दलदलीच्या कुरणांत राहते. नर आणि मादी झाडे वेगळी, नर फुले मादी फुलांहून डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी. दलदली शेतीसाठी कोरड्या केल्या गेल्या तशी ती पश्चिम युरोपात मागे हटत गेली. आल्प्सच्या चुनखडी कपारींत व्हॅलेरियाना मोंटाना आणि व्हॅलेरियाना ट्रिप्टेरिस भेटतात, तर स्पेनमध्ये पिरिनीजच्या पायथ्याच्या उभ्या कड्यांवर व्हॅलेरियाना लाँगिफ्लोरा हा मोजक्या जागी उरलेला रहिवासी आहे.

पूर्व आल्प्समधल्या व्हॅलेरियाना सेल्टिकाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी, कारण ती जटामांसीच्या गोष्टीची युरोपीय जोड आहे. हे बोटभर उंचीचे, पिवळसर फुलांचे झाड झाडोऱ्याच्या वरच्या खुरट्या गवतात वाढते. त्याचे सुगंधी मूळ ग्रीक वैद्य डायोस्कॉरिडीसच्या काळापासून केल्टिक नार्ड म्हणून प्रसिद्ध होते. मध्ययुगात ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातले युडेनबर्ग हे गाव या मुळाच्या व्यापारावर श्रीमंत झाले. तिथून माल भूमध्य सागरी बंदरांतून पूर्वेकडच्या देशांत स्नानद्रव्ये आणि सुगंधांसाठी जाई. हिमालय आणि आल्प्स यांच्या माथ्यांवर एकाच कुळाच्या दोन खुज्या झाडांनी मुळात सुगंध साठवला आणि दोन्हीकडे माणसाने ती खणून समुद्रापार पाठवली.

भूमध्य सागराकडे उतरल्यावर कुळाचे रूप बदलते. सेंट्रँथस रुबर हे तांबड्या फुलांचे झाड मूळचे दगडी कड्यांवरचे. लांब नळी आणि तिच्या मागे शेपटासारखी बारीक मधनळी, त्यामुळे मध मिळतो तो लांब सोंडेच्या फुलपाखरांना आणि पतंगांना. बागेतून निसटून ते ब्रिटनच्या जुन्या भिंतींवर, रेल्वेच्या बांधांवर आणि समुद्रकड्यांवर पसरले आणि कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतापर्यंतही पोचले. भिंतीतला चुना त्याला मूळ कड्याचीच आठवण करून देतो. त्याच प्रजातीतल्या दोन जाती मात्र नामशेष होण्याच्या काठावर आहेत. सेंट्रँथस ट्रायनर्विस कॉर्सिकाच्या दक्षिण टोकाला बोनिफासिओजवळच्या ग्रॅनाइट खडकांवर, आणि सेंट्रँथस ॲमेझोनम, जिचे वेगळेपण १९९८ मध्ये ओळखले गेले, सार्डिनियात ओलिएनाजवळच्या चुनखडी पर्वतावर. दोघींच्या उरलेल्या झाडांना एखाद्या वणव्याचा किंवा बकऱ्यांच्या कळपाचा फटकाही पेलवणार नाही.

व्हॅलेरियानेला या पन्नासहून अधिक जातींच्या वर्षायू प्रजातीने शेताची वाट धरली. भूमध्य प्रदेश, तुर्कस्तान आणि इराण हे तिचे माहेर. गव्हाच्या शेतात, पडीक रानात, वाळूच्या टेकाडांवर ती थंडीत पसरट उगवते. जातींची ओळख फुलावरून होत नाही; ती सगळी सारखीच बारीक. फळ बघावे लागते: कुणाला बोरीसारखी आकडी, कुणाला काट्यांचा मुकुट, कुणाला फक्त एक दात. व्हॅलेरियानेला लोकुस्टाच्या फळाच्या पाठीवर बुचासारखा भुसभुशीत भाग असतो. हिचीच कोवळी पाने फ्रान्समध्ये माश आणि जर्मनीत फेल्डझालाट म्हणून खाल्ली जातात. रानात उपटून खाण्याच्या सवयीतून ती पुढे मळ्यात आली. शेतातल्या इतर जातींवर मात्र तणनाशकांनी मोठा घाला घातला. ब्रिटनच्या धान्यशेतांत एकेकाळी दिसणारी व्हॅलेरियानेला रिमोसा आता दुर्मीळ झाली आहे.

अटलांटिकपलीकडे उत्तर अमेरिकेत हे कुळ मुख्यतः पश्चिमेच्या पर्वतांत आहे. अलास्कापासून कॅस्केड रांगेपर्यंत बर्फ वितळलेल्या कुरणांत व्हॅलेरियाना सिट्केन्सिस भरभरून फुलते. प्रशांत किनाऱ्यावर प्लेक्ट्रिटिस कॉन्जेस्टा ही वर्षायू जाती वसंतात खडकांवरची पातळ माती गुलाबी करून टाकते. रॉकी पर्वतातल्या व्हॅलेरियाना एड्यूलिसचे मूळ गाजरासारखे जाड असते. कच्चे ते खाववत नाही. शोशोनी आणि इतर मूलनिवासी लोक जमिनीतल्या भट्टीत दोन दिवस भाजून ते खात. अमेरिकन शोधप्रवासी जॉन फ्रीमाँट याने १८४३ मध्ये ही पद्धत नोंदवली आहे.

हीच जाती आता हवामानबदलाच्या अभ्यासात महत्त्वाची ठरली आहे. तिच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. कोलोरॅडोच्या उतारांवर खालच्या, कोरड्या भागात दोहोंची संख्या जवळजवळ सारखी, तर वर, ओल्या भागात माद्या जास्त. नर झाडे कमी पाण्यात निभावतात, हे त्यामागचे कारण. २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने १९७८ पासूनच्या नोंदी पडताळल्या. बर्फ लवकर वितळू लागले, जमीन लवकर कोरडी होऊ लागली आणि नरांचे प्रमाण वरवर सरकत गेले, दर दशकाला सुमारे १७५ मीटर या वेगाने. एखादी जाती डोंगरावर किती वर सरकली एवढेच मोजून भागत नाही, तिच्या आतला नर-मादीचा तोलही बदलतो, हे या झाडाने स्पष्ट दाखवले. हिमालयातल्या तगरातही स्त्री-झाडे आणि द्विलिंगी झाडे वेगळी आहेत. तिथेही अशी दीर्घ मुदतीची मोजणी व्हायला हवी.

जातींची खरी गर्दी दक्षिण अमेरिकेत आहे. कुळातल्या जवळजवळ निम्म्या जाती अँडीजच्या आणि त्यालगतच्या प्रदेशांत राहतात. बेल आणि डोनोह्यू यांच्या अभ्यासानुसार हे कुळ तिथे तुलनेने उशिरा आले आणि आल्यावर झपाट्याने फुटत गेले. अँडीजचे उंच माथे नव्याने उंचावले होते. कोलंबिया-इक्वेडोरच्या धुक्याने भिजलेल्या पारामो या गवताळ प्रदेशात आणि पेरू-बोलिव्हियाच्या कोरड्या, गारठलेल्या पुनात जागा रिकाम्या होत्या. त्या जागांनुसार झाडांनी विविध रूपे घेतली. कुठे झुडपे, कुठे वेली, कुठे जमिनीला चिकटलेली उशी. व्हॅलेरियाना रिजिडाची कडक, टोकदार पानांची चक्रे जमिनीत खिळे ठोकल्यासारखी सपाट बसतात. स्टँजिया या पेरूच्या पुनातल्या प्रजातीत पानांचे चक्र आणि मधोमध फुले एवढेच वर दिसते, बाकी सगळे झाड जाड मुळाच्या रूपात जमिनीत. पॅटागोनियातली मांसल पानांची व्हॅलेरियाना कार्नोसा मापुचे लोकांच्या औषधांत मानाचे स्थान राखून आहे. सखल उष्ण रानात उतरण्याचे धाडस व्हॅलेरियानात क्वचितच कोणी केले; फ्लोरिडापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणारी व्हॅलेरियाना स्कँडेन्स ही वेल त्या थोड्यांपैकी एक.

पुन्हा हिमालयाकडे यायचे ते तिथल्या संकटामुळे. जटामांसी आणि तगर या दोहोंचा बाजार मुळावर चालतो. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कपूरकाचरीबरोबर जटामांसी असते. केसांची तेले, धूप, आयुर्वेदाची औषधे यांत ती लागते. नेपाळात तिचे तेल ऊर्ध्वपातनाने काढून परदेशी पाठवले जाते. पान किंवा फळ तोडले तर झाड उरते. मूलक्षोड खणले की झाड संपते, आणि खणणी बहुधा सप्टेंबरच्या सुमारास, बी पूर्ण गळण्यापूर्वीच होते. म्हणजे आई आणि पिल्ले एकाच वेळी जातात. उंचावरच्या थोड्या महिन्यांत मूलक्षोड काढण्याजोगे व्हायला अनेक वर्षे लागतात. नेपाळच्या शे-फोक्सुंडो राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या अभ्यासांत खणलेल्या जागी जटामांसी फार सावकाश सावरत असल्याचे दिसून आले.

कायद्याने काही केले आहे. १९९७ मध्ये साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात जटामांसीचा समावेश झाला, त्यामुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. नेपाळने प्रक्रिया न केलेले मूळ निर्यात करण्यास बंदी घातली आहे. आययूसीएनच्या लाल यादीत ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. नेपाळातल्या कर्णालीसारख्या दुर्गम भागात मात्र मूळ खणणे हे अनेक घरांच्या रोख उत्पन्नाचे मोठे साधन आहे. बंदीचा कागद एकटा पुरत नाही, खणणाऱ्यांना सोबत घेऊनच पाळीपाळीने कुरणे राखावी लागतात. तुटवड्यामुळे भेसळही वाढते. जटामांसीच्या मालात सेलिनम या जिऱ्याच्या कुळातल्या झाडाची, भूतकेशीची, मुळे मिसळली जातात आणि केरळात तगर म्हणून कुमुदिनीच्या प्रजातीतल्या एका पाणवनस्पतीचे मूलक्षोड विकले जाते. तिसऱ्याच झाडाचे औषध घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

लागवड हा खरा मार्ग, पण दोन्ही झाडांसाठी तो सारखा नाही. तगर दीड-दोन हजार मीटरवर, बागांतल्या सावलीत किंवा बांजच्या रानात लावता येते. पालमपूरच्या सीएसआयआर संस्थेने त्यासाठी 'हिमबाला' हा वाण तयार केला आहे. मूळ काढल्यावर वरचा कोंबाचा तुकडा परत मातीत रोवला की तोच पुढचे पीक देतो. जटामांसीचे बी मात्र कमी उगवते, रोपे अतिशय सावकाश वाढतात आणि खालच्या गरम हवेत ती टिकत नाहीत. श्रीनगर-गढवालच्या उच्च शिखरीय पादप कार्यिकी शोध केंद्राने उंचावरच्या वाफ्यांत तिच्या लागवडीचे प्रयोग केले आहेत. अशा वाफ्यांतला माल बाजारात आला तरी तो रानातल्या खणलेल्या मालाहून महाग पडतो. खरेदी करणारे कारखाने लागवडीच्या मालाला वेगळा, चढा भाव द्यायला तयार होईपर्यंत उतारावरच्या शेतकऱ्याला जटामांसी लावण्यात फायदा नाही, आणि तोवर खुरपी बुग्यालातच चालत राहते.